वरण सोडू नका, डाळ भिजवा

या खेपेला पोटाचेच प्रश्न इतके आले की मधुमेहाचे पुढच्या वेळी घेते. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसली. त्रास झाला की आपण ताटातला एक पदार्थ काढतो, पुन्हा झाला की दुसरा, आणि असं करत करत माणूस दहीभातावर येऊन थांबतो. पदार्थ कसा शिजवला होता, हे मात्र कुणी विचारत नाही.

लातूरहून एक वाचक लिहितात: ताई, माझं वय ४६. तुरीचं वरण खाल्लं की तासा-दोन तासांत पोट डब्ब होतं. आधी वरण सोडलं, मग कांदा-लसूण, मग दूध, मग पोळी. चार महिने मुगाची खिचडी आणि ताक एवढंच घेते. वजन सहा किलो उतरलं, पण पोट शांत आहे. हेच चालू ठेवू का?

नका ठेवू. आणि माझं पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या. जेवणच कमी झाल्यामुळे वजन उतरलं असेल, पण हे तपासल्याशिवाय ठरत नाही, आणि पत्र वाचून तर नाहीच. शौचातून रक्त जाणं, घास अडकणं, झोपेतून उठवणारी कळ, अंगातलं रक्त कमी होणं, यातलं काहीही सोबत असेल तर भाज्या बदलून बघण्यात दिवस घालवू नका.

तपासण्या नीट आल्या असं धरून सांगते. तूर, हरभरा, मटकी या सगळ्यांत काही साखरा अशा असतात की त्या फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जंतू त्यांना आंबवतात आणि वायू धरतो. हे घरातल्या बाकीच्यांच्या पोटातही होतं, फक्त त्यांना जाणवत नाही. नाजूक आतड्याला तोच ताण दुखण्यासारखा लागतो.

आपल्या सोयीची गोष्ट अशी की या साखरा पाण्यात उतरतात. म्हणून तुरीची डाळ दोन तास कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी फेकून द्या, डाळ पुन्हा दोनदा धुवा आणि नव्या पाण्यात शिजवा. आजारी माणसाला आपण प्रेमानं ‘डाळीचं वरचं पाणी’ देतो ना, न भिजवलेल्या डाळीचं ते पाणी म्हणजे त्याच साखरांचा अर्क, आणि प्रथिनं मात्र खाली डाळीत. कटाची आमटी बाधते ती काही फक्त तिखटामुळे नाही.

सुरुवात मुगापासून करा. पाव वाटी मूगडाळ तासभर भिजवून, हळद घालून, बोटात विरघळेल इतकी मऊ शिजवा आणि रवीने घोटा. एक चमचा तुपात जिरं आणि हिंग, वर मीठ, उतरवल्यावर लिंबू. लसणाचा स्वाद हवा असेल तर दोन पाकळ्या ठेचू नका, अख्ख्याच तेलात तांबूस होऊ द्या, पाणी किंवा डाळ पडण्याआधी काढून टाका. लसणातला बाधणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही, त्यामुळे वास राहतो आणि त्रास टळतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग चिरून घाला. पंधरा दिवस मूग सोसला की त्यात एक चमचा तूर मिसळा, मग दोन. पूर्ण वाटीभर वरण कदाचित तुम्हाला कधीच सोसणार नाही, पण अर्धी वाटी सोसेल, आणि अर्धी वाटी वरण म्हणजे वरण सोडणं नव्हे.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पोटांसाठी ‘फॉडमॅप’ नावाची, आंबून वायू धरणाऱ्या साखरांचे पदार्थ काही दिवस बंद ठेवण्याची पद्धत बसवली आहे. तिच्या नावाखाली बंद पदार्थांच्या लांबलचक याद्या मोबाइलवर फिरत असतात. त्या याद्यांचा काळ दोन ते सहा आठवड्यांचा. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून कोणता किती सोसतो हे बघायचं असतं, आणि हे त्या याद्या फिरवणारे सांगत नाहीत. तुम्ही चार महिने पहिल्याच पायरीवर बसला आहात. दूध आणि पोळीही याच रीतीने परत आणा, एका वेळी एकच, तीन-तीन दिवस पाहून.

बीड जिल्ह्यातून: आमचे अण्णा ६८ वर्षांचे. गव्हानं पोट बिघडतं असं कुणी सांगितल्यापासून फक्त ज्वारीची भाकरी खातात. तरी जेवल्यावर छाती भरल्यासारखी होते. भाकरी तर हलकी असते ना?

मराठवाड्यात राहून भाकरीबद्दल वाकडं बोलायची माझी हिंमत नाही. मीही शाळूवरच वाढले. पण ‘हलकी’ हा शब्द जरा तपासून घेऊ. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं हे खरं. मात्र ज्वारीचं प्रथिन पाण्यात शिजल्यावर पचायला अवघड होतं, आणि तिचा पिष्टही सावकाश पचतो. शेतात राबणाऱ्याला हे फायद्याचं, दुपारपर्यंत भूक लागत नाही. दिवसभर ओसरीवर बसणाऱ्या माणसाला तेच जड वाटतं. अण्णांच्या दाढा आहेत का, हेही लिहिलं नाहीत. कवळीने भाकरी नीट चावली जात नाही आणि तुकडे तसेच गिळले जातात.

दोनाऐवजी एक भाकरी, तीही पातळ. पीठ आठवड्याच्या वर ठेवू नका. विरी म्हणजे चिकटपणा गेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते, म्हणून जाड थापली जाते आणि आत कच्ची राहते. उकळत्या पाण्यात मळा, पापुद्रा सुटू द्या, आणि मुगाच्या पातळ वरणात कुस्करून दहा मिनिटं मुरू द्या. काळ्या मसाल्याची येसर आमटी तेवढी महिनाभर लांब ठेवा. अण्णा कुरकुरतील. त्यांच्या ताटात जिरं-मिरपूड घातलेलं ताक ठेवा, ठेच्याची वाटी नजरेआड करा.

रात्री भाकरीऐवजी आंबील द्या. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ अर्धी वाटी ताकात कालवून रात्रभर ठेवायचं. उन्हाळ्यात सहा तासही पुरतात, जास्त ठेवलं तर फार आंबटतं. दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे सोडा आणि ढवळत दहा मिनिटं शिजवा. मीठ, जिरेपूड घाला, आणि निवल्यावरच वरून ताजं ताक, नाहीतर फुटतं. आंबवल्यामुळे जे प्रथिन भाकरीत अडून बसतं ते थोडं सुटं होतं. आपल्या आज्यांना यातलं रसायन ठाऊक नव्हतं, पण आंबील कधी करायची ते पक्कं ठाऊक होतं. ज्वारीच्या कण्याही चालतील. चार तास भिजवून कुकरमध्ये भातासारख्या मऊ करा.

गव्हाचं म्हणाल, तर खरंच शंका असेल तर सीलिअॅक, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा रोग, ओळखायला ‘टीटीजी’ ही रक्ताची तपासणी असते, पण गहू खात असतानाच करायची. बंद केल्यावर केली तर रोग असूनही नाही असं येऊ शकतं. आणि गहू कायमचा बंद करायची वेळ आलीच तर हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचा. बाजारातल्या बहुतेक हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी: मॅडम, मेसच्या भाजीनं रोज छातीत जळजळ होते. मेडिकलमधून गॅसची गोळी आणून रोज सकाळी घेतो. खोलीवर एक छोटा इलेक्ट्रिक कुकर आहे. त्यात काय करता येईल?

बाळा, आधी वेळ बघ. साडेदहाला जेवून अकराला आडवा होत असशील तर भाजी बिचारी विनाकारण बदनाम होते. जेवण आणि झोप यांच्यात किमान दोन-तीन तास हवेत. सकाळी उपाशी पोटी दोन कप चहा घेत असशील तर तोही बंद. गोळी दोन आठवड्यांच्या वर घ्यावी लागत असेल तर मेडिकलवाल्याला नको, डॉक्टरला विचार.

कुकरात अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, दुधी किंवा दोडक्याच्या फोडी, हळद, मीठ आणि चार वाट्या पाणी. वरून घरून आणलेलं तूप. तांदूळ-डाळ सकाळीच भिजवून गेलास तर रात्री पंचवीस मिनिटांत होतं. नाश्त्याला सुशीला कर, तो तर आपलाच आहे. मुरमुरे भिजवून पिळायचे, तेलात मोहरी-जिरं, कढीपत्ता, हळद. एकच मिरची, तीही उभी चिरून आणि खाताना बाजूला. कांदा नको, डाळव्याचं कूट चमचाभरच.

एक मात्र करू नकोस. सकाळचा भात खोलीत तसाच ठेवून रात्री गरम करून खायचा नाही. नांदेडच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. भातातले काही जंतू शिजवूनही बीजरूपाने टिकतात, आणि उकाड्यात राहिल्यावर जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. लागेल तेवढाच शिजव.

वसमतहून: सोमवार, एकादशी आणि नवरात्र धरते. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी पित्त होतं. साबुदाणा उष्ण म्हणून भगर खाल्ली तर चालेल का?

साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. पित्त करतात ते त्यातलं मूठभर दाण्याचं कूट, तेल, हिरवी मिरची, आणि सकाळपासून उपाशी राहून दुपारी एकदम खाणं. भगर चालेल, पण सुटी भगर आणि भगरीचं तयार पीठ आणू नका. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या भागातून वारंवार येतात. दमट जागी राहिलेल्या भगरीला बुरशी धरते, आणि तिचं विष शिजवून जाईलच असं नाही. पाकीटबंद आणा, तारीख बघा, निवडून तीन पाण्यांनी धुवा, त्याच दिवशी संपवा. दाण्याच्या आमटीऐवजी जिऱ्याची फोडणी दिलेला लाल भोपळा, किंवा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. आणि दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं.

धाराशिवहून एका ओळीचा प्रश्न: रोज ताक प्यावं का?

सोसत असेल तर प्यावं, दुपारी, पातळ आणि ताजं. दुधाने पोट बिघडणाऱ्यांनाही ताक बहुधा चालतं, कारण दही लागताना दुधातली थोडी साखर जंतूंनी आधीच संपवलेली असते आणि पाण्याने उरलेली विरळ होते. आंबलेलं, दोन दिवसांचं ताक मात्र कढीला ठेवा. जळजळ असणाऱ्यांनी तीही नको.