‘ण’ टाळणारी मुलगी

अकरावीचे वर्ग सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. शब्द निरनिराळे, गाभा एकच. "नवीन कॉलेजात मी ठरवून वेगळी झाले. शाळेतलं कोणीच नव्हतं, त्यामुळे जमलंही. आता ते सांभाळताना जीव जातोय. खरी मी कशी आहे ते कळलं तर?"

उत्तर एका मुलीच्या निमित्ताने देते. तिला तनू म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तनू मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. दहावी तिथेच झाली आणि अकरावी सायन्सला ती पुण्यात मावशीकडे आली. पहिल्या भेटीला आई सोबत होत्या. "मॅडम, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर जपानी कार्टून बघत बसती म्हने. एकटीच हसती. अन् सकाळी कॉलेजला जायचं म्हनलं की हिच्या पोटात दुखतंय."

"कार्टून नाही ते. मंगा," तनू पुटपुटली. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, कॉमिक.

आई बाहेर गेल्यावर मी म्हटलं, दाखव तरी. खरं सांगायचं तर मलाही ते कार्टूनच वाटत होतं. मी डावीकडची चौकट आधी वाचली आणि संवादाचा काही अर्थच लागेना. "मॅम, उजवीकडून वाचायचं," ती म्हणाली. त्या तासात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

मंगाचं नाव ‘हायस्कूल डेब्यू’. काझुने कावाहारा यांची ही मालिका जपानी मासिकात 2003 ते 2008 या काळात आली, तिचे 13 खंड आहेत. नायिका हारुना. माध्यमिक शाळेत तिने सॉफ्टबॉलशिवाय दुसरं काही केलेलं नाही. हायस्कूलमध्ये गेल्यावर मात्र तिला प्रेमात पडायचंय. मासिकं वाचून कपडे-केस सगळं बदलून बघते, तरी कोणी ढुंकून बघत नाही. मग योह नावाच्या मुलाला ती चक्क प्रशिक्षक व्हायला सांगते. तो तयार होतो, अट एकच: तू माझ्या प्रेमात पडायचं नाहीस. ही अट टिकत नाही, हे सांगायला नकोच.

जपानीत ‘कोको देब्यू’ असा शब्दच आहे. कोको म्हणजे हायस्कूल, देब्यू म्हणजे पदार्पण. तिथे सक्तीचं शिक्षण नऊ वर्षांचं. त्यानंतर हायस्कूलसाठी प्रवेशपरीक्षा असते आणि जुना वर्ग वेगवेगळ्या शाळांत पांगतो. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होतं तेव्हा आजूबाजूला सगळे अनोळखी. कालचा बुजरा मुलगा आज केस रंगवून आला तरी ‘अरे, हा तर तोच’ म्हणणारं कोणी नसतं. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटून कॉलेज सुरू होतं तेव्हा वेगळं काय होतं?

तनूनेही असंच पदार्पण केलं होतं. वहीच्या शेवटच्या पानावर नियम लिहिले होते, एकूण 14. हसताना तोंडावर हात न्यायचा नाही. कँटीनमध्ये चहा नाही, कोल्ड कॉफी. व्हॉइस नोट तीनदा ऐकूनच पाठवायची. सातवा नियम खोडून खोडून काळा केलेला. तो काय, हे तिने सांगितलं नाही.

नियम लागू पडले होते. चार मैत्रिणींचा ग्रुप झाला होता. तरी हजेरीत आपला नंबर यायच्या आधी दहा नंबरांपासून छाती धडधडायची.

मी पोतडीतला नेहमीचा प्रयोग काढला. 2000 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी बघितलं असेल. प्रत्यक्षात शर्ट ओळखणारे होते साधारण पाव.

तनूने क्षणभर विचार केला. "मॅम, चारातल्या एकीने तरी बघितलंच ना?"

बरोबरच होतं तिचं. आकडेवारीने भीती जात असती तर माझं दुकान कधीच बंद झालं असतं.

मग मी त्याहून मोठी चूक केली. म्हटलं, "अगं, तू जशी आहेस तशीच राहा ना!"

"कोनती मी?" ती उसळून म्हणाली आणि लगेच लाल झाली. "कोणती."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. चाळीस मिनिटं ही मुलगी ‘आणि’च्या जागी ‘अँड’ म्हणत होती, ‘पण’च्या जागी ‘बट’. समोरचा तांब्या दाखवून तिने "वॉटर घेऊ का?" विचारलं होतं. मला वाटलं, कॉलेजची स्टाइल. ती प्रत्येक वाक्य तोंडात येण्याआधी चाळत होती, ‘ण’ दिसला की शब्द बदलत होती. सातवा नियम तो होता. पहिल्याच आठवड्यात वर्गात एका मुलाच्या ‘पानी’वर सगळे हसले होते. तनूही हसली होती, सगळ्यांबरोबर.

इथे या प्रश्नाचं उत्तर आहे. रूप बदलण्यात खोटं काही नाही, पंधराव्या-सोळाव्या वर्षी माणूस ते करणारच. घोटाळा हिशेबात होतो. मैत्रिणी मिळाल्या, हे नियमांच्या खात्यावर जमा. कुठे अडखळलं तर ते ‘खऱ्या मी’च्या नावे. सहा महिने असं चाललं तरी ‘खऱ्या मी’च्या खात्यात दमडी पडत नाही, कारण तिला कोणी बाहेर येऊच दिलेलं नसतं. आणि हारुना? तिलाही प्रशिक्षक आहे, नियम आहेत. पण ती चारचौघांत तोंडावर आपटते आणि गोष्ट पुढे सरकते. तनू रात्री ते वाचून खदखदून हसायची. स्वतःला मात्र एकदाही आपटायची मुभा नाही.

म्हणून आम्ही आपटायचंच ठरवलं. आठवड्याला एक नियम मोडायचा. आधी कागदावर लिहायचं, काय होईल असं वाटतंय. नंतर लिहायचं, काय झालं.

पहिला अंदाज: ‘कँटीनमध्ये पानी मागितलं तर सगळे वळून बघतील.’ खाली नोंद: ‘काकांनी पानी दिलं.’

दुसरा इतका गोड नव्हता. केमिस्ट्री प्रॅक्टिकलला ती "यात पानी कमी झालं" म्हणाली आणि ग्रुपमधल्या एकीने दोन दिवस तिची नक्कल केली. तनू माझ्यावर चिडून आली. मी कागद पुढे सरकवला. अंदाज होता: ‘ग्रुपमधून काढतील. कॉलेज सोडावं लागेल.’

"काढलं?"

"नाही. पन वाईट वाटलं ना."

वाटणारच. ते वाटू नये, असा उपाय माझ्याकडे नाही. नक्कल करणारी तिसऱ्या दिवशी विसरली आणि तनूकडेच जर्नल मागायला आली. तनू विसरली नाही. जर्नल दिलं, एक दिवस उशिरा.

हे सगळ्यांना असंच पुरेल, असं नाही. मूल कॉलेज बुडवू लागलं, जेवण-झोप उडाली, महिनोन्‌महिने लोकांत जायचीच धास्ती राहिली, तर ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तनूची पोटदुखी थांबली नसती तर मीच पाठवणार होते.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा 14 पैकी नऊ नियमांवर काट मारलेली होती. सातवा आता नव्या शाईने, वाचता येईल असा लिहून मग खोडलेला. मी विचारलं, कोल्ड कॉफी कधी काढायची?

"ती राहू द्या, मॅम. आता आवडायला लागलीय मला."

बोलता बोलता कधी ‘आनि’ येत होतं, कधी ‘आणि’. मी मोजत होते. ती नव्हती.