स्पायनल भुलीत नाडी का मंदावते?

प्रश्न : वडील 66 वर्षांचे. गुडघ्याच्या ऑपरेशनला मणक्यात इंजेक्शन देऊन भूल दिली होती. मध्येच नाडी 36 वर आली, औषधं देऊन सावरली. हृदयविकार नाही. दुसऱ्या गुडघ्याला पूर्ण भूलच घ्यावी का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. हा बहुधा हार्ट अटॅक नसतो. स्पायनलमुळे पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. बीपी उतरतो आणि हृदय पुरेसं भरत नसल्यानं ठोकेही मंदावू शकतात. त्यात भूल वर चढली तर ठोके वाढवणाऱ्या नसाही बंद पडतात. या नसा छातीच्या वरच्या चार मणक्यांच्या पातळीवरून निघतात. भूलतज्ज्ञ स्पिरिटचा बोळा पोटावरून वर फिरवत ‘गार लागतंय का?’ विचारतात, ते हीच पातळी जोखायला. मात्र या नसांवरचा परिणाम बधिरपणाच्या रेषेच्याही वर जातो.

नाडी उतरली की पाय उंच करतात, सलाइन वाढवतात, ठोके वाढवणारं 0.6 मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन आणि गरजेनुसार बीपी चढवणारं इफेड्रिन किंवा मेफेंटरमिन देतात. तेवढ्यानं भागलं नाही तर अ‍ॅड्रिनलिनला उशीर करायचा नसतो. उशीर झाला तर हृदय थांबूही शकतं. हे पहिल्या दहा मिनिटांतच होतं असं नाही. रक्तस्राव झाला, कूस बदलली की उशिराही होतं, म्हणून मॉनिटरवरची नजर शेवटपर्यंत हटता कामा नये.

मागच्या भुलीची नोंद मागून घ्या : औषध किती दिलं, भूल कुठवर चढली, नाडी कधी उतरली. नव्या भूलतज्ज्ञांना हा कागद सर्वांत उपयोगी. एरवीची नाडी 60 च्या खाली असेल किंवा बीटा-ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर आधीच सांगा. गोळी परस्पर बंद करू नका. हृदयाची झडप खूप अरुंद असेल तर मात्र स्पायनल जोखमीचं, म्हणून छातीत मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवा.

प्रश्न : खांद्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला तर हृदयाला धोका नाही ना?

उत्तर : थोडा असतो, पण कारण वेगळं. बधिर करणारं औषध बुपिव्हाकेन चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा जास्त झालं, तर झटके येतात, ठोके बिघडतात. तोंडाला धातूची चव, ओठांना मुंग्या, कानात आवाज जाणवला तर लगेच बोला. उतारा 20 टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) : किलोमागे 1.5 मिली, म्हणजे 60 किलोला 90 मिली. ते थिएटरमध्ये हाताशी आहे का, हे जरूर विचारा.