लष्कराच्या बराकींची दुरुस्ती आणि साफसफाई यांवर सरकार नेमका किती खर्च करतं? आणि तरी बराकी गळक्या का असतात?

बराकींचा असा वेगळा आकडा अर्थसंकल्पात सापडणार नाही. शोधून दमला असाल तर दोष तुमचा नाही. मी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो, छावण्यांतली डागडुजीची बरीच कामं पाहिलीत, त्या अनुभवावरून सांगतो.

नवी इमारत भांडवली खर्चात जाते. डागडुजी महसुली खर्चात, 'वर्क्स' या शीर्षाखाली. बराकींबरोबर रस्ते, दवाखाने, पंपघरं तिथेच, आणि वीज-पाण्याची बिलंही तिथेच. बिल थकवता येत नाही. संडासाचा फुटलेला पाइप मात्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ढकलता येतो. हात आखडायची वेळ आली की पहिली कात्री कुणावर चालते, ते सांगायला नको.

त्यात वेळेचं त्रांगडं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग एप्रिल-मेमध्ये उरकायला हवं. पण आर्थिक वर्षच एप्रिलला सुरू होतं. पैसा वरून वाटप होत खाली येईपर्यंत, निविदा निघून काम मिळेपर्यंत आपल्याकडे पाऊस दारात येतो. मग मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून रंगरंगोटीची घाई. भिंतीत ओल तशीच, वर नवा रंग, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे. रंग दिसतो, वॉटरप्रूफिंग दिसत नाही, हेही एक कारण असावं.

साफसफाईचा खिसा आणखी वेगळा. इमारत, पाइप, टाक्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे, म्हणजे लष्कराची बांधकामं-दुरुस्ती पाहणाऱ्या खात्याकडे. झाडलोट आणि कचरा उचलणं स्टेशन हेडक्वार्टरच्या, म्हणजे छावणीचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयाच्या व्यवस्थेत. चेंबर तुंबला की तो कचऱ्याने तुंबला की पाइप खचल्याने, हे ठरेपर्यंत जवान बादली घेऊन शेजारच्या बराकीत.

हा खर्च फालतू वाटत असेल तर जुने आकडे बघा. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने 1863 मध्ये अहवाल दिला. वर्षाला हजारी 69 गोरे सैनिक मरत होते, त्यातले बहुतेक लढाईत नव्हे, तर हिवताप, हगवण, पटकी अशा आजारांनी. आयोगाच्या कामात पुढाकार घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने पुढे दहाएक वर्षांत हे प्रमाण हजारी 18 वर आल्याचं मांडलं. सगळं श्रेय गटारांना देता येणार नाही, पण हवेशीर बराकी, शुद्ध पाणी आणि मैला दूर नेण्याची सोय यांचा त्यात मोठा वाटा होता. देशी शिपायांना त्या काळी बऱ्याच ठिकाणी बराकच नव्हती बरं का. झोपडीसाठी थोडे पैसे मिळायचे, ती त्यांनीच उभारायची.

आणि हे रडगाणं फक्त आपलं नाही. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी 2023 मध्ये तिथल्या बराकी तपासल्या. बुरशी, तुंबलेला मैला, बंद पडलेल्या आग-सूचना यंत्रणा, सगळं सापडलं. वर बराकींवर एकूण किती खर्च होतो, हे त्यांच्या संरक्षण खात्यालाही धड सांगता आलं नाही.

तुम्हाला एखाद्याच छावणीचं पाहायचं असेल तर संबंधित गॅरिसन इंजिनिअरच्या (तिथली दुरुस्तीची कामं पाहणारा मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसचा अधिकारी) कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. "बराकींवरचा खर्च" असं मोघम विचारू नका, सुरक्षेचं कारण देऊन परत पाठवतील. गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीसाठी मागितलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि त्यातली मार्चमध्ये खर्ची पडलेली रक्कम, एवढंच मागा.