मेमरीचा वेग वाढवूनही फ्रेम रेट का घटतो?

प्रश्न : माझ्याकडे १० जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आहे. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग वाढवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा स्लायडर +५०० (मेगाहर्ट्झ) वर ठेवला असता फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) थोडा वाढला; +१००० वर मात्र तो मूळ वेगापेक्षाही खाली आला. पडद्यावर ठिपके दिसले नाहीत, गेम बंदही पडला नाही. मग +१००० हा वेग कार्डाला पेलतो असे समजावे का?

उत्तर : नाही. आपण कोअरची, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपची, कसोटी मेमरीला लावत आहात. कोअरचा वेग झेपेनासा झाला की बहुधा चित्र फाटते, गेम बंद पडतो किंवा दोन सेकंद वाट पाहून विंडोज ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) नव्याने सुरू करते. म्हणजे चूक लपून राहत नाही. ३०८० वरील जीडीडीआर६एक्स मेमरीचे तसे नाही. मेमरी आणि चिप यांच्यात जाणाऱ्या माहितीत चूक आढळल्यास ती माहिती पुन्हा पाठवण्याची सोय एन्व्हिडियाने या कार्डात केलेली आहे. त्यामुळे चित्र स्वच्छ राहते, परंतु फेरपाठवणीत वेळ जातो आणि वाढवलेला वेग त्यातच खर्ची पडतो.

आकडे पाहू. या कार्डाची मेमरी मूळ प्रत्येक तारेवर सेकंदाला १९ गिगाबिट वेगाने चालते आणि तिचा मार्ग ३२० बिट रुंद (म्हणजे अशा ३२० तारांचा) असल्याने सेकंदाला ७६० गिगाबाइट माहिती जाऊ शकते. +५०० वर हा आकडा ८०० आणि +१००० वर ८४० होतो, पण हे ८४० केवळ कागदावरचे. म्हणून स्लायडर ५०-५० ने वर न्यावा, प्रत्येक वेळी गेममधील एकच दृश्य त्याच सेटिंगवर मोजावे आणि फ्रेम रेट वाढायचा थांबला की दोन पायऱ्या मागे यावे. मेमरीची मोजणी चालू असताना कोअरला हात लावू नये; दोन्ही स्लायडर एकदम सरकवले, तर दोष कोणाचा हे कळणारच नाही.

मेमरीचे तापमानही एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जरूर पाहावे, कारण कोअर ७० अंशांवर निवांत असतानाही मेमरी ११० अंशांपर्यंत जाऊ शकते आणि तिथे पोचल्यावर कार्ड आपला वेग आपणच कमी करते. कार्ड जुने किंवा सेकंडहँड असेल, तर मेमरीवरील थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) आधी तपासून घ्यावेत.

प्रश्न : कोअर +१५० वर ठेवूनही घड्याळ (कोअरचा मेगाहर्ट्झमधला वेग) फारसे पुढे सरकत नाही. असे का?

उत्तर : बहुतेक वेळा अडसर विजेचा असतो. ३०८० ची मूळ मर्यादा ३२० वॅट आहे. ती गाठल्यावर स्लायडर कितीही पुढे नेला, तरी कार्ड घड्याळ मागे खेचते. शिवाय तापमान चढत गेले की ते १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलरशिवायच्या खोलीत हे उतरणे सहज दिसते. माझ्या मते अशा वेळी आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडावा आणि तोच वेग कमी व्होल्टेजवर टिकतो का ते पाहावे. वाचलेले वॅट कार्ड स्वतःच वेगासाठी वापरते. संगणक सुरू होताच सेटिंग आपोआप लागू करण्याचा पर्याय मात्र दोन-चार दिवस सर्व गेम नीट चालल्यावरच निवडावा.