नलशी तुलना केली की ओळी कुठे जातात?

या वेळच्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गाठीपाशी येतात: एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत रकान्यात नल (किंमत नसल्याची खूण) असला की क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चूक न दाखवता चुकीचा निकाल देते. म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ऑर्डरच्या टेबलात 500 ओळी आहेत. 'सवलत = 10' या अटीला 120 ओळी येतात आणि 'सवलत <> 10' ला (सवलत 10 नाही) 300. उरलेल्या 80 कुठे गेल्या? डेटा खराब झाला आहे का?

उत्तर : डेटा शाबूत आहे. त्या 80 ओळींत सवलतीचा रकाना नल आहे. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी स्ट्रिंगही नव्हे. इथली किंमत आपल्याकडे नाही, एवढेच ती खूण सांगते. जी किंमत माहीतच नाही ती 10 आहे का, याचे उत्तर 'हो' देता येत नाही, तसे 'नाही'ही देता येत नाही. म्हणून एसक्यूएलमध्ये तुलनेची उत्तरे तीन असतात: खरे, खोटे आणि अज्ञात. अटीनुसार ओळी निवडणारा व्हेअर मात्र फक्त 'खरे' ठरलेली ओळ पुढे सोडतो. तुमच्या 80 ओळी दोन्ही वेळा 'अज्ञात' ठरल्या आणि दोन्ही वेळा बाहेर राहिल्या.

'नॉट (सवलत = 10)' असे लिहूनही फरक पडणार नाही, कारण अज्ञाताचे उलटेही अज्ञातच. 'सवलत = नल' लिहिले तर एकही ओळ येणार नाही, कारण नलची नलशी केलेली तुलनासुद्धा अज्ञात. नल ओळखायचा तर 'इज नल' आणि 'इज नॉट नल' एवढेच वापरायचे. तुम्हाला हवी ती अट अशी: (सवलत <> 10 ऑर सवलत इज नल). कंस विसरू नका. शेजारी आणखी एखादी अट अँडने जोडलेली असेल, तर अँड आधी बांधला जातो आणि कंसाविना भलत्याच ओळी येतात.

'कोअलेस(सवलत, 0) <> 10' हाही उपाय चालतो (कोअलेस नलच्या जागी 0 धरतो), पण दोन गोष्टी पाहून. नलच्या जागी जी किंमत घालाल ती खऱ्या डेटात वेगळ्या अर्थाने येत नसावी. खरोखर 0 सवलत असलेली ऑर्डर आणि सवलत न नोंदवलेली ऑर्डर इथे एकच होऊन बसतात. शिवाय रकाना फंक्शनमध्ये गुंडाळला की त्यावरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) सहसा उपयोगी पडत नाही.

प्रश्न : अँड आणि ऑरमध्ये अज्ञात आले तर काय होते? तक्ता पाठ करावा का?

उत्तर : पाठ करायची गरज नाही. अज्ञाताच्या जागी एकदा खरे आणि एकदा खोटे ठेवून पाहा. दोन्ही वेळा निकाल सारखाच आला तर तोच निकाल, वेगवेगळा आला तर अज्ञात. 'खोटे अँड अज्ञात' खोटे ठरते, 'खरे ऑर अज्ञात' खरे ठरते आणि 'खरे अँड अज्ञात' अज्ञातच राहते.

पण ही युक्ती एकेका अँड-ऑरपुरतीच चालते. 'सवलत = 10 ऑर सवलत <> 10' ही अट आपल्याला नेहमी खरी वाटते. डेटाबेस मात्र आधी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे काढतो. दोन्ही अज्ञात आल्या की त्यांचा ऑरही अज्ञात होतो आणि ओळ गळते. रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडण्याची पद्धत) मांडणाऱ्या कॉड यांनी 1979 च्या निबंधात नलसाठी हे तीन उत्तरांचे तर्कशास्त्र मांडले. त्यावर पुढे बराच वाद झाला आणि आक्षेपांमध्ये दमही आहे, पण रोज वापरात असलेले डेटाबेस याच नियमाने चालतात. त्यामुळे नियम समजून घेण्याला पर्याय नाही.

प्रश्न : कर्मचाऱ्यांच्या टेबलात प्रत्येकाचा 'क्रमांक' आणि त्याच्या वरिष्ठाचा 'वरिष्ठ_क्रमांक' आहे. जे कोणाचेच वरिष्ठ नाहीत ते शोधायला 'क्रमांक नॉट इन (सिलेक्ट वरिष्ठ_क्रमांक फ्रॉम कर्मचारी)' असे लिहिले. उत्तर शून्य ओळी. हे अशक्य आहे.

उत्तर : नलच्या सगळ्या चुकांत ही सर्वांत महाग पडणारी, कारण क्वेरी बिनतक्रार चालते आणि 'काहीच सापडले नाही' हे उत्तर खरे वाटते. सर्वांत वरच्या पदावरच्या व्यक्तीला वरिष्ठ नाही, म्हणून सबक्वेरीच्या (कंसातल्या आतल्या क्वेरीच्या) यादीत एक नल आला. यादी 3, 5, नल अशी आहे असे धरा. 7 क्रमांकासाठी नॉट इन उलगडले तर '7 <> 3 अँड 7 <> 5 अँड 7 <> नल' होते, म्हणजे खरे, खरे आणि अज्ञात. निकाल अज्ञात. 3 क्रमांकासाठी पहिलीच तुलना खोटी, म्हणून निकाल खोटा. यादीत एक जरी नल असला तरी निकाल खोटा किंवा अज्ञात यांपैकीच येणार, 'खरे' कधीच नाही. लाख ओळी असल्या तरी एकही सुटणार नाही. साधा 'इन' असा फसत नाही, कारण त्यात ऑर असतो आणि एक बाजू खरी निघाली की पुरते.

इथे 'नॉट एग्झिस्ट्स' वापरा: सिलेक्ट क.क्रमांक फ्रॉम कर्मचारी क व्हेअर नॉट एग्झिस्ट्स (सिलेक्ट 1 फ्रॉम कर्मचारी व व्हेअर व.वरिष्ठ_क्रमांक = क.क्रमांक). एग्झिस्ट्स फक्त ओळ सापडली की नाही एवढेच बघतो, त्यामुळे त्याचे उत्तर कधी अज्ञात नसते. सबक्वेरीत 'व्हेअर वरिष्ठ_क्रमांक इज नॉट नल' जोडूनही काम भागते, पण ते दरवेळी आठवावे लागते. एक फरक ध्यानात ठेवा: बाहेरच्या टेबलातला रकानाच नल असेल तर नॉट एग्झिस्ट्स ती ओळ देतो, नॉट इन देत नाही (यादी रिकामी असेल तर तोही देतो).

प्रश्न : किंमतीवर 'चेक (किंमत > 0)' लावला आहे, तरी नल किंमत आत शिरली.

उत्तर : चेकचा नियम व्हेअरच्या उलट आहे. व्हेअर 'खरे' असेल तरच सोडतो, चेक 'खोटे' असेल तरच अडवतो. अज्ञात निकालाला चेककडून वाट मिळते. रकान्यावर 'नॉट नल' वेगळे लावा.

प्रश्न : ईमेलवर युनिक (एकच किंमत दोनदा येऊ न देणारी अट) लावूनही अनेक ओळी विनाईमेल कशा?

उत्तर : दोन नल समान ठरत नाहीत, म्हणून पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल हवे तितके नल घेतात. एसक्यूएल सर्व्हर मात्र एकच घेतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या 15 व्या आवृत्तीपासून 'युनिक नल्स नॉट डिस्टिंक्ट' लिहून एकाच नलची सक्ती करता येते. ग्रुप बाय आणि डिस्टिंक्ट मात्र सर्व नल एकाच गटात टाकतात. तुलनेत वेगळे आणि गटात एक, ही विसंगती एसक्यूएलच्या मानकातच आहे. ओरॅकलवर असाल तर आणखी एक: तिथे रिकामी स्ट्रिंगही नलच धरली जाते, त्यामुळे "नाव <> ''" ही अट एकही ओळ देत नाही.

प्रश्न : बेरीज जुळत नाही. 'सम(अ) + सम(ब)' वेगळे येते आणि 'सम(अ + ब)' वेगळे.

उत्तर : दोन ओळी घ्या: (10, 5) आणि (20, नल). सम नल वगळतो, म्हणून पहिल्या पद्धतीने 30 + 5 = 35. दुसऱ्या पद्धतीत '20 + नल' आधीच नल होतो, ती ओळ पूर्ण गळते आणि उरतात 15. सरासरीचेही तसेच: 10, 20 आणि नल यांची सरासरी 15 येते, कारण भागाकार 3 ने नव्हे तर 2 ने होतो. काउंट(*) सगळ्या ओळी मोजतो, काउंट(रकाना) नल सोडून.

प्रश्न : ग्राहकांच्या टेबलाला ऑर्डरचे टेबल जोडायला लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) लावला, तरी ज्या ग्राहकांची ऑर्डर नाही ते गायब होतात.

उत्तर : उजव्या टेबलावरची अट तुम्ही व्हेअरमध्ये लिहिली असणार. ऑर्डर नसलेल्या ग्राहकापुढे उजवे सगळे रकाने नल येतात, 'ऑर्डर.स्थिती = 1' अज्ञात ठरते आणि लेफ्ट जॉइन इनर जॉइनसारखा (फक्त जुळणाऱ्या ओळी देणाऱ्या जोडणीसारखा) वागू लागतो. ती अट जोडणीच्या ऑनमध्ये न्या.

प्रश्न : जुनी आणि नवी किंमत वेगळी असेल तरच नोंद ठेवणारा ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारा कोड) लिहिला. 'जुनी <> नवी' ही अट काही बदल सोडून देते.

उत्तर : नलवरून किंमत किंवा किंमतीवरून नल असे बदल सुटतात. पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर 2022 मध्ये 'जुनी इज डिस्टिंक्ट फ्रॉम नवी' लिहा, मायएसक्यूएलमध्ये 'नॉट (जुनी <=> नवी)', एसक्यूएलाइटमध्ये 'जुनी इज नॉट नवी'. एसक्यूएल सर्व्हरच्या आधीच्या आवृत्तीत 'एग्झिस्ट्स (सिलेक्ट जुनी एक्सेप्ट सिलेक्ट नवी)' हे काम करते, कारण एक्सेप्ट दोन नल सारखेच मानतो. ट्रिगर लावल्यावर चार प्रकार स्वतः तपासा: किंमत ते किंमत, नल ते किंमत, किंमत ते नल, नल ते नल. शेवटच्यात नोंद होता कामा नये.