गुडघे दुखणाऱ्या आईसाठी समुद्र

प्रश्न : ताई, आई-बाबा जुलैत दापोलीहून लंडनला आमच्याकडे येताहेत. आईचे गुडघे दुखतात. त्यांना समुद्रावर न्यायचंय. ब्रायटन जवळ आहे, तेच बरं ना?

उत्तर : ब्रायटन मला फार आवडतं, पण तुमच्या आईंना तिथे नेऊ नका. तिथे वाळू नाही, गोटे आहेत. पाय टाकला की घसरतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते सोसत नाही. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून थेट गाडीने बोर्नमथला जा. दोन तासांच्या आसपास लागतात. मैलोन्‌मैल मऊ पिवळी वाळू आहे आणि काठाने सपाट फरसबंद रस्ता, त्यावर त्या निवांत चालतील. स्टेशन मात्र किनाऱ्यापासून लांब, शिवाय किनारा कड्याखाली. तेव्हा बस किंवा टॅक्सी घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

वेस्टन-सुपर-मेअरही सुंदर, पण ब्रिस्टलच्या खाडीतली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ओहोटीला पाणी दूरवर जातं आणि मागे चिखल उरतो. त्यात माणूस रुतून बसतो. दापोलीच्या सवयीने बाबा पाण्यामागे चालत निघतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

जुलैतही पाणी सतरा-अठरा अंशच असतं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरा, तिथे जीवरक्षकांची नजर असते. वाऱ्यासाठी आईंना स्वेटर आणि कानटोपी घ्या. अंधार नऊनंतर पडतो, परतीची घाई करू नका.