गव्हाचा भाव जागेवर, तरी पावसाळ्यात मैदा महाग का होतो?

तुमची बेकरी आहे आणि बाजारात गहू हलला नसताना मिलवाला श्रावणात कट्ट्यामागे पैसे का वाढवतो, हा तुमचा प्रश्न. तुम्ही गव्हाचा भाव बघताय. भुशाचाही बघायला हवा.

रोलर मिलमध्ये 100 किलो गव्हातून साधारण 76 किलो मैदा-रवा-आटा निघतो आणि 23 किलो भुसा, म्हणजे कोंडा. भुसा जनावरांच्या खाद्यात जातो. पावसाळ्यात हिरवा चारा आला की त्याला गिऱ्हाईक कमी होतं. तो किलोला 5 रुपयांनी उतरला तर क्विंटल गव्हामागे 115 रुपये गेले. ते उरलेल्या 76 किलोंवर टाका: किलोला दीड रुपया, 50 किलोच्या कट्ट्याला 75 रुपये. बहुतेक वेळा भाववाढीचं मूळ इथेच असतं.

दुसरं कारण ओलावा. दळण्याआधी गव्हाला पाणी देऊन 12 ते 24 तास मुरवतात, ओलावा 15.5 टक्क्यांपर्यंत नेतात. एप्रिलचा 10 टक्क्यांचा कोरडा गहू टनाला 65 लिटर पाणी पितो. गोदामात दमट होऊन 12 टक्क्यांवर गेलेला जेमतेम 41 लिटर. मिलने दोन्ही वेळा पैसे मोजले वजनावर, पण दुसऱ्या वेळी दाण्यातला ऐवजच कमी.

गव्हाच्या भावावर मात्र सरकारचा हात मोठा. हमीभाव 2025-26 ला क्विंटलला 2425 रुपये होता, 2026-27 साठी 2585; भाव सहसा त्याच्या आसपास टेकतो. सरकारच्या अन्न महामंडळाने (एफसीआय) आपल्या साठ्यातला गहू खुल्या बाजारात काढला की तेजी थंडावते. 13 मे 2022 ला निर्यात बंद झाली, तीही भाव आवरायलाच.

तुम्ही मिलशी बोली अशी करा: मिलपर्यंत पोहोचलेल्या गव्हाचा भाव आणि भुशाचा भाव, दोन्ही धरून दर पंधरवड्याला मैद्याचा दर. भुसा चढला की दर उतरलाही पाहिजे, हे आधीच ठरवा. पावसाळ्यात महिन्याभरापेक्षा जास्त माल भरू नका, किडा लागतो.

आणि कट्टा फोडून मूठ आवळून बघा. गोळा तसाच राहिला तर ओलावा जास्त आहे; 14 टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा मैदा घेऊच नका. ओलावा 1 टक्का वाढला की 100 किलोंमागे पीठ मळताना जवळपास 2 लिटर पाणी कमी लागतं, तेवढे पाव कमी निघतात.